मुरुडशेंगेचं पथ्य

केंद्रातल्या समुपदेशक बाईंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं, म्हणून बाहेर व्हरांड्यात येऊन बोललो.

"तुमच्या वहिनी गोळ्या नियमित घेतायत ना?" त्यांनी विचारलं.

"घेतात. का?"

"व्हायरल लोड वाढलाय त्यांचा. इतकी वर्षं विषाणू मोजण्याइतकाही सापडत नव्हता. आता आकडा बराच वर गेलाय. त्या म्हणतात, एकही गोळी चुकवली नाही. बाटल्याही रिकाम्या आणून दाखवतात. औषध लागू पडेनासं झालं असेल तर बदलावं लागेल, पण त्याआधी खात्री करून घ्यायची असते. रागावू नका, नुसतं विचारून बघा."

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. परत आत जाऊन मुलांच्या परीक्षानळ्या बघत फिरलो, पण कुणाच्या नळीत काय होतं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ एचआयव्हीनेच गेला. त्याची तपासणी झाली तेव्हा फार उशीर झालेला होता. त्याच्यानंतर वहिनींची तपासणी झाली आणि त्यांनाही लागण असल्याचं कळलं. एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या, सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात त्यांना पहिल्यांदा मीच घेऊन गेलो. सोबतीचा माणूस म्हणून तिथे माझाच फोन नंबर दिलेला आहे. रोज एक गोळी, जन्मभर. त्या गोळीवर वहिनींनी मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं, रिहे खोऱ्यातली आमची भातशेती सांभाळली. गावाला मात्र आम्ही सांगितलं की भाऊ काविळीने गेला. ते पुढे होऊन सांगणारा माणूस मीच होतो. शिकलेल्या माणसाने सांगितलेलं कुणी तपासत नाही.

लोड वाढायची कारणं दोन. एक तर विषाणू त्या गोळ्यांना पुरून उरायला शिकतो, नाहीतर गोळ्या पोटातच जात नाहीत. मी मनातल्या मनात पहिल्या कारणाची बाजू घेत होतो. दुसरं कारण खरं असेल तर त्याची सुरुवात कुठून झाली हे मला तेव्हाच, व्हरांड्यात उभं असतानाच, थोडंसं माहीत होतं.

मी वनस्पतींमधली रसायनं वेगळी करतो. आमच्या मुळशीच्या डोंगरातली झुडपं, साली, शेंगा आणायच्या, वाळवायच्या, दळायच्या, पाण्यात नाहीतर अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा आणि तो अर्क कशाकशाला अडवतो ते बघायचं. विषाणूचं काम आमच्या कॉलेजात होत नाही. त्यासाठी वेगळी, बंदोबस्ताची प्रयोगशाळा लागते. आम्ही अर्क पाठवतो, ते लोक काचेच्या ताटलीत माणसाच्या पेशी वाढवतात, त्यावर विषाणू सोडतात, अर्क घालतात आणि पेशी वाचतात का ते बघतात. झाडांमधून एचआयव्हीवर काही मिळेल या आशेने जगात पुष्कळ लोक असं काम करतात, आणि ते वेडेपणाचं काम नाही. कितीतरी चांगली औषधं झाडांमधून आलेली आहेत. पण ताटलीतून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो आणि बहुतेक अर्क पहिल्याच वळणावर गळतात.

मुरुडशेंग आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पिळा घातलेल्या दोरीसारखी शेंग, तान्ह्या मुलांच्या घुटीत उगाळून देतात, पोटात मुरडा आला की देतात. तिच्या अर्काचा निकाल पहिल्यांदा आला तेव्हा तो फार चांगला होता. विषाणू पेशीला चिकटतच नव्हता. मी आनंदाने दोन दिवस धड जेवलो नाही. मग आम्ही त्या अर्कातली तुरट द्रव्यं काढून टाकली आणि उरलेला भाग पुन्हा पाठवला. हिरड्यात असतात, जांभळीच्या सालीत असतात, तीच ही तुरट द्रव्यं. ती दिसेल त्या प्रथिनाला जाऊन चिकटतात, विषाणू असो की आणखी काही, आणि त्यामुळे निकाल खोटाच चांगला दिसतो. ती काढल्यावर अर्कात जवळजवळ काही उरलं नाही.

हा दुसरा निकाल माझ्या हातात आला आणि त्याच आठवड्यात गावची जत्रा होती.

जत्रेत माझा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, फेटा. कुस्त्यांचा फड तयार होता, पैलवान अंगाला माती लावून उभे होते आणि माझ्या हातात माईक होता. मी म्हणालो, "आपल्या या डोंगरातल्या मुरुडशेंगेत एड्सच्या विषाणूला अडवणारं द्रव्य आहे, हे आम्ही प्रयोगशाळेत पाहिलं." त्यापुढे "पण" म्हणून एक वाक्य होतं. ते मी तयार केलेलं होतं. पण त्या पहिल्या वाक्यावर एवढा मोठा जमाव एकदम गप्प झाला आणि मग टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, कुणीतरी हलगी वाजवली, आणि मला पुढचं वाक्य बोलावंसं वाटलं नाही. मी विसरलो नव्हतो. मला बोलावंसं वाटलं नाही, एवढंच खरं.

बायकांच्या बाजूला वहिनी बसलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी निघताना मी त्यांच्याकडे चहाला थांबलो. गाडीत वाळलेल्या शेंगांचं पोतं होतं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, थोड्या शेंगा द्या की. नातवाच्या घुटीला." मी म्हटलं, घ्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या हातानं द्या." त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली आणि मी ओंजळ भरून, मग पिशवी भरून शेंगा दिल्या. घुटीला एक शेंग वर्ष वर्ष पुरते. आणि नातू तर तेव्हा भाकरी कुस्करून खात होता, घुटीचं वय कधीच मागे पडलेलं होतं. मला काही कळलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. त्या ओंजळीचा अर्थ आमच्या गावात वाढलेल्या माणसाला न कळणं अवघड आहे.

फोन आला त्याच दुपारी मी गावाकडे निघालो. पिरंगुटच्या अलीकडे ट्रक अडकलेले होते. गाडी इंच इंच सरकत होती आणि मी डोक्यात वाक्यं जुळवत होतो. अडचण अशी की वहिनींच्या घरात वहिनींशी मोकळं बोलता येत नव्हतं. मुलाला सगळं माहीत होतं, पण सुनेला काहीच माहीत नव्हतं. लग्न ठरवताना सांगितलं नाही, नंतर सांगायला जीभ रेटली नाही. वहिनींची रोजची गोळी तिच्या लेखी ब्लडप्रेशरची गोळी होती.

घोटवडे फाट्यावरून आत वळलो. भात पोटरीला आलं होतं. वहिनी परसात होत्या. सून ओट्यावर मुलाला भरवत बसली होती.

"या काका. आज अवचितच?" ती म्हणाली. "चहा टाकते. बरं झालं आला, माझी तक्रार हाय तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"व्हय. तुमी आत्याबाईंना काय औषध दिलंय वं? रोज सकाळी काढा उकळून पितात. कशाचा विचारलं तर बोलायचं न्हाई म्हनं. आंबट न्हाई, ताक न्हाई, मासळी न्हाई. आमच्या घरात ताक असून मी एकटीच पितीय. बीपीची गोळी सुदीक बंद केली. म्हनं पथ्य हाय."

चहा पुढे करताना ती हसत होती. मी कप हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"कधीपासून?"

"जत्रंपासून. गुडघ्यांसाठी हाय ना? मला बी द्या मग थोडं, भात लावून लावून कंबर गेलीय माझी."

मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही. एवढंच आठवतं की जत्रेपासून आजपर्यंतचा काळ मी मनात मोजत होतो, आणि प्रत्येक महिन्याला तो विषाणू किती वाढला असेल याचा अंदाज करत होतो, आणि ते माझं कामच असल्यामुळे मला तो अंदाज नीट करता येत होता.

वहिनी आत आल्या. वाळलेल्या दिसत होत्या. की मला तसं दिसलं, कुणास ठाऊक. मी म्हटलं, "वहिनी, वरच्या उतारावर मुरुडशेंग फुलली असेल, चला जरा दाखवा." सून म्हणाली, "आता संध्याकाळच्याला कशाला?" पण वहिनी लगेच निघाल्या. त्यांना कळलं होतं.

उतारावर झुडपांना लाल फुलं आली होती. खाली आमची खाचरं, पलीकडे कुणाकुणाच्या फार्महाऊसची पत्र्याची कुंपणं. आसपास कुणी नव्हतं. तरी मी हळू बोललो.

"केंद्रातून फोन होता. गोळ्या बंद केल्यात?"

"न्हाई."

"वहिनी, सुनेनं सांगितलं मला."

त्यांनी खाली घराकडे नजर टाकली. मग म्हणाल्या, "तिला सांगायचं न्हाई म्हटलं होतं. तोंडाची सैल हाय."

"गोळ्या कुठंयत?"

"वड्याच्या पान्यात. रिकामी बाटली दावायला लागती तिथं. महिन्याच्या महिन्याला वतून देते."

मी दगडावर बसलो. त्या उभ्याच राहिल्या.

"का केलंत असं?"

"तुमी दिलंत ना औषध. तुमच्या हातानं."

"मी घुटीसाठी दिलं होतं."

"मागताना तसंच म्हनायचं असतं. खरं नाव घेऊन मागत न्हाईत." त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमास्नी म्हाईत हाय हे. उगं येड पांघरू नका."

मला माहीत होतं. वहिनींचे वडील मुळशी धरणाच्या बाजूच्या गावात काविळीचं औषध द्यायचे. लहानपणी मला स्वतःला आईने त्यांच्याकडे नेलं होतं. औषध कशाचं हे विचारायचं नाही, घेतोय हे कुणाला सांगायचं नाही, आणि देणारा पथ्य सोडवेपर्यंत दुसरं कुठलंही औषध तोंडात घालायचं नाही. घातलं तर उलटतं. उलटतं म्हणजे, उलटून मेलेला माणूससुद्धा बघितलाय लोकांनी. वहिनींनी स्वतः बघितला होता. एक माणूस त्यांच्या वडिलांचं औषध चालू असताना पौडला जाऊन इंजेक्शन घेऊन आला आणि गेला. तो कशाने गेला हे आज कुणी सांगू शकणार नाही, पण त्यांच्या वडिलांनी त्यानंतर औषध देणं सोडलं. असल्या घरातली मुलगी पथ्य मोडत नसते.

मी समजावायला लागलो. काचेची ताटली, पेशी, तुरट द्रव्यं. जेवढं सोपं करता येईल तेवढं केलं. काढा प्यायला तरी त्यातलं काही रक्तात त्या मात्रेत पोचत नाही, असं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला तर बरं वाटतंय. भूक लागती. आधी त्या गोळीनं रात्रीची झोप जायची, आता डोळा लागतुया."

"बरं वाटेलच. आत्ता वाटेल. विषाणू आधी गुपचूप वाढतो, मग अंगावर येतो. भावाचं बघितलंय ना तुम्ही."

"त्येंचं नाव काढू नका."

"वहिनी, त्या शेंगेत काही नाही."

"मग माईकवर का म्हनला, हाय म्हणून?"

याचं उत्तर मला द्यायला लागलं. मी सांगितलं की दुसरा निकाल माझ्याकडे आलेला होता, खिशात घडी घालून ठेवल्यासारखा माहीत होता, आणि मी तो बोललो नाही. का, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून. आणि ओंजळीचंही सांगितलं. मला कळलं होतं, थोडंसं, आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर नाही म्हणून सांगावं लागलं असतं. कुणीतरी माझ्या हातून औषध म्हणून काही घेतंय हे मला आवडलं होतं.

मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्या झुडपाचं एक पान तोडून चुरगाळत राहिल्या.

"शिकून बी तसलेच ऱ्हायला तुमी," त्या म्हणाल्या. "आता खरं सांगितलं तरी पथ्य हायेच की. मी आपल्या मनानं मोडनार न्हाई. घरात लेकरू हाय. उलटायचं झालं तर माझ्यावरच उलटंल कशावरून."

"मग कसं सुटतं ते?"

"देनाऱ्यानं सोडवायचं. ताकभात हातानं वाढायचा. गुण आला असंल तर 'सुटलीस' म्हनायचं. न्हाई आला तर 'माजं औषध लागू न्हाई' म्हनायचं. पर तसं कुनी म्हनत न्हाई. म्हटलं की हात जातो त्याचा, पुना कुनाला औषध देता येत न्हाई. माज्या बापानं म्हटलं होतं एकदा." त्या थांबल्या. "आन् घरात जी रांदती तिच्यासमोर म्हनायचं. पथ्य ती सांभाळती ना."

रांधणारी म्हणजे सून.

तिच्यासमोर बोललो की ती विचारणार, कशावरचं औषध. मी म्हटलं, "गुडघ्यावरचं सांगू." वहिनी खाली उतरायला लागल्या. मी मागोमाग. उतार निसरडा होता. एकदा त्यांचा पाय सरकला, मी हात पुढे केला, त्यांनी घेतला नाही.

घरी सून भाकऱ्या थापत होती. वहिनींचा मुलगा कामावर हिंजवडीला होता, उशिरा येणारा. वहिनी पाटावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "वाढा."

मी सुनेला म्हटलं, "भात आहे का गं? आणि ताक दे."

"आत्याबाईंना ताक चालत न्हाई."

"आज चालेल. दे."

तिने दिलं. मी ताटात भात घातला, त्यावर ताक ओतलं, मीठ घातलं, कालवलं. थोडं ताक पाटावर सांडलं. आयुष्यभर मी झाडपाल्याच्या औषधाला शास्त्राच्या बाजूला आणायच्या गोष्टी केल्या आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात वैदूसारखा बसलो. पण जे म्हणायचं होतं ते खरं होतं. त्या घरात मी बऱ्याच वर्षांत खरं बोललो नव्हतो.

"माझं औषध तुम्हाला लागू नाही," मी म्हणालो. "पथ्य सुटलं."

वहिनींनी घास घेतला. सून तव्यापाशी थांबली होती.

"कशावरचं औषध होतं, काका?"

माझ्या तोंडात "गुडघ्यावरचं" आलेलं होतं. तेवढ्यात वहिनी घास गिळून म्हणाल्या, "तुज्या सासऱ्याला झालं होतं ते मला हाय. कावीळ न्हवती ती. एड्स होता."

भाकरी करपायला लागली. तिने ती उलटली नाही, तवाच खाली उतरवला. मग मुलाला उचललं. मला आठवतं, तिने आधी त्याचं तोंड पदराने पुसलं.

"आज घास भरवला आत्याबाईंनी त्याला," ती मला म्हणाली. "सकाळी. आपल्या ताटातला."

"त्यानं काही होत नाही. उष्ट्यानं होत नाही, हात लावल्यानं होत नाही, एका घरात राहिल्यानं होत नाही. गोळी नियमित घेतली की रक्तात सापडतसुद्धा नाही. इतकी वर्षं त्या..."

"तुमी काविळ म्हनला होता. माझ्या बापाला, सोयरीक जुळवताना. मी आत हुते, ऐकत हुते."

"हो."

"ह्यांना म्हाईत हाय?" तिने वहिनींना विचारलं. 'ह्यांना' म्हणजे नवऱ्याला. वहिनींनी मान हलवली. हो.

"म्हंजे समद्यांना म्हाईत. मलाच तेवढं न्हाई." ती ओट्यावर जाऊन बसली, मुलाला मांडीवर घेऊन. आम्ही दोघं आत. वहिनींनी ताटातला भात संपवला. टाकला तर सुटत नाही, असं असतं.

बऱ्याच वेळाने ती दारात आली.

"मग गोळ्या बंद का केल्या?"

वहिनींनी माझ्याकडे बोट केलं.

"आणि आता? आता खा की. सुटलं ना पथ्य."

"न्हाईत. वड्यात टाकल्या."

सून काही वेळ सासूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं लपवायचं, तर नीट तरी लपवायचं."

मी केंद्रातल्या बाईंना तिथूनच फोन लावला. खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी घेऊन या, कुणी ओरडणार नाही. मी वहिनींना म्हटलं, सकाळी गाडी घेऊन येतो. त्या हो किंवा नाही काहीच म्हणाल्या नाहीत. सून मुलाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी निघालो.

त्या रात्री मी गावातच, आमच्या जुन्या घरात थांबलो. मला दोन भीती होत्या. एक, वहिनी येणार नाहीत. गुपित गेलं म्हणजे माणूस कधीकधी औषधही सोडून देतो, हे केंद्रात मी ऐकलेलं होतं. दुसरी, सून सकाळी मुलाला घेऊन माहेरी गेलेली असेल आणि त्या दुःखात वहिनी उंबरा ओलांडणार नाहीत. दोन्हींचं कारण मीच असणार होतो. मी प्रार्थना करणारा माणूस नाही. नुसता पडून राहिलो.

इथे पुढचं थोडं सांगून टाकतो, कारण त्याशिवाय हे अर्धवट राहील. त्यानंतरच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि जत्रेत न बोललेलं वाक्य बोललो. मुरुडशेंगेचा काढा एड्सवर चालत नाही, आमचा निकाल फसवा होता, कुणी गोळ्या घेत असेल तर एक दिवसही बंद करू नका. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, मग शाल परत द्या." लोक हसले. मी पण हसलो. पण मागे भिंतीला टेकून बसलेला एक तरुण हसला नाही. सभा संपल्यावर तो माझ्या गाडीपाशी आला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "एक दिवस चुकली तर चालतं का?" त्याच्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही. मला एवढंच कळलं की त्या जमावात वहिनी एकट्या नव्हत्या, आणि माझं पहिलं वाक्य जितक्या घरांत पोचलं तितक्या घरांत दुसरं पोचलं असेल, याची मला खात्री नाही. जत्रेला सगळा गाव असतो. ग्रामसभेला कोण असतं?

तर ती सकाळ. मी वहिनींच्या दारात गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला नाही. दार बंद होतं. शेजारच्या गोठ्यात कुणीतरी धार काढत होतं. मी गाडीतच बसलो. उतरून कडी वाजवायचा धीर होईना. कडी वाजवली आणि आतून "येत न्हाई" असं आलं असतं, तर माझ्याकडे पुढे काही नव्हतं.

दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या, चांगलं लुगडं नेसलेल्या. त्यांच्या मागून सून आली, मुलाला कडेवर घेऊन, खांद्याला पिशवी.

"मी येतीय," ती मला म्हणाली. "तुमी सांगितलेलं मी आता ऐकनार न्हाई. त्या बाईंना विचारनार."

"विचार," मी म्हटलं.

ती मागच्या सीटवर बसली. वहिनी पुढे बसायला गेल्या तेव्हा म्हणाली, "हितं बसा. मला एकटीला हे आवरत न्हाई." मुलाला दोघींच्या मधे बसवलं. शहरात शिरेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मूलच तेवढं ट्रक दिसला की ट्रक म्हणत होतं.

केंद्रात समुपदेशक बाईंनी दोघींना आत घेतलं. मला बाहेर थांबायला सांगितलं. काचेतून सुनेचे हात दिसत होते, ती बोटांवर मोजत प्रश्न विचारत होती. बाई प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर देत होत्या. एकदा वहिनी रडल्या. सून त्यांच्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती. मग डॉक्टरांकडे नेलं, रक्त घेतलं. बाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "हीच गोळी पुन्हा सुरू करतोय. नियमित घेतली तर लोड बहुतेक खाली येईल. नाही आला तर गोळी बदलू. आत्ता काही सांगता येत नाही."

"बहुतेक" हा शब्द मी आयुष्यभर शोधनिबंधांत वापरत आलोय. त्या दिवशी तो ऐकायला फार जड गेला.

व्हरांड्यातल्या बाकावर वहिनी नवी बाटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाई म्हणाल्या होत्या, पहिली गोळी इथेच घ्या. आजूबाजूला पुष्कळ माणसं होती, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सुनेने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मुलाची होती ती, निळ्या झाकणाची. थोडी थांबली. मग झाकण उघडून सासूपुढे धरली.

वहिनींनी गोळी जिभेवर ठेवली, मान मागे टाकली आणि बाटली उंच धरून वरून धार सोडली. निम्मं पाणी गळ्यावरून लुगड्यावर गेलं, गोळी काही उतरेना.

"आत्याबाई," सून म्हणाली, "तोंड लावून प्या की. सांडतंय समदं."

वहिनींनी तिच्याकडे बघितलं. मग बाटली ओठाला लावली आणि प्यायल्या.